येथे मांजरांना विष घातले जात नाही

ओ वहिनी, थांबा, थांबा! फाटक उघडू नका. तिथंच उभ्या राहा, तुमच्या बाजूला. राग मानू नका हं. आधी त्या टोपलीत काय आहे ते सांगा. मघाशी रिक्षातून उतरलात तेव्हाच स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं मी, टोपलीवर ओढणी बांधलेली आणि आत काहीतरी वळवळतंय. म्हटलं, लेकीकडनं तीन महिन्यांनी येताय, पुण्याहून बाकरवडी आणाल, तर टोपलीतनं म्याव!

– बाकरवडीही आणलीय, ताई. हे जावयांनी दिलं. त्यांच्या पार्किंगमध्ये सापडलं होतं. म्हटलं, आपल्या बाळ्याला सोबत होईल.

हं.

सांगते बाळ्याचं. सगळंच सांगते, पण हे असंच, कुंपणावरून. टोपली तुमच्या ओट्यावर ठेवा, वर. जमिनीवर नको. आणि ही मनी बसलीय ना खांबावर, तिला आज चुचकारू नका. ती ठणठणीत आहे, पण तिच्या पायांचा मला भरवसा नाही. का ते कळेल. बाळ-बाळंतीण बरी आहेत ना? जावळ भरपूर आहे म्हणे. ते सगळं मला नंतर निवांत ऐकायचंय.

तर तुम्ही गेलात गणपतीच्या दोन दिवस आधी. गौरी जेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी काळीचं पहिलं पिल्लू गेलं. काळी म्हणजे आपली बोळातली हो, टाकीमागं चार पिल्लं घातलेली. तुमच्या शिडीवर चढून बसायची बघा चारही. रोज सकाळी मी सुकट-भात कालवून घेऊन गेले की नुसती पायात पायात. त्या दिवशी तीनच आली. चौथं टाकीपाशी, मी ठेवलेल्या पाण्याच्या वाडग्याशी बसलेलं. बसलेलं म्हणजे पुढचे पाय पोटाखाली, पाठीला कुबड, आणि हनुवटी वाडग्याच्या काठावर टेकवलेली. पाण्याकडं बघतंय, पण जीभ काही बाहेर काढत नाही. मी वाडगं हलवलं, पाणी त्याच्या नाकाला लागलं, तरी तसंच. दुपारी जाऊन बघते तर मान पाण्यात.

आता तुम्ही सांगा, पाण्याच्या भांड्याशी मेलेलं मांजर बघून तुमच्या मनात काय आलं असतं?

– पाण्यात कुणीतरी काहीतरी घातलं असणार.

तेच! तेच माझ्याही मनात आलं. दोन दिवसांत आणखी दोन गेली. तीही तिथंच, पाण्याजवळ. एकाच्या तोंडाशी पिवळा फेस. पिवळा फेस म्हटल्यावर तर शंकाच उरली नाही. आणि आपल्या बोळात विष घालणारं माणूस कोण, याला काय चौकशी समिती लागते? कोपऱ्यावरचे अण्णा. त्यांच्या शेवंतीच्या वाफ्यात मांजरं उकरतात, गाडीच्या कव्हरवर झोपतात. आरतीला सगळ्यांदेखत म्हणाले होते, "या मांजरांचा एकदा बंदोबस्त केला पाहिजे." वर किराणावाला म्हणाला, परवाच उंदराचं औषध नेलं त्यांनी. झालं. मी आपलं तीन घरी बोलले. तीनच हं. पण आपला बोळ तो केवढा! सकाळी मी तीन घरी बोलले, आणि दुपारी सातवं घर मलाच येऊन सांगतंय की अण्णांना रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन टाकीपाशी बघितलं म्हणून. कुणी बघितलं विचारावं, तर प्रत्येकाला दुसऱ्यानं सांगितलेलं.

संध्याकाळपर्यंत ते अण्णांच्या कानावर गेलं. भांडायला आले नाहीत, ओरडलेही नाहीत. तीस वर्षं पुण्यात नोकरी केलेला माणूस. दुसऱ्या दिवशी उजाडता त्यांच्या फाटकावर पाटी. ती बघा, अजून आहे. वाचता येते का इथून? 'येथे मांजरांना विष घातले जात नाही.' आणि खाली बारीक अक्षरात, 'चौकशी करू नये.'

हसा. मीही हसलेच होते. म्हटलं, खाई त्याला खवखवे.

त्याच दिवशी बाळ्यानं सकाळचं खाणं शिवलं नाही.

बाळ्या म्हणजे कसा, कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत ओट्यावर उडी मारणारा. त्यानं चिकनकडं पाठ फिरवली. न्हाणीघरात गार फरशीवर जाऊन पोट टेकून पडला. उचलला तर अंग कसं, भिजवलेल्या कापडागत. कान हाताला चटका लावतील असे. मांजराचं अंग एरवीही आपल्यापेक्षा कोमटच लागतं, त्यामुळं मी आदल्या रात्री दुर्लक्ष केलं होतं. त्यांचं 101-102 म्हणजे काही ताप नव्हे म्हणे. याला 105 होता, पण तो नंतर दवाखान्यात कळला. मग ओकायला लागला. आधी फेसाळ पांढरं, मग पिवळंजर्द.

ते पिवळं बघितलं आणि माझं डोकं कसं चाललं बघा, वहिनी. बाळ्यानं जन्मात उंबरा ओलांडला नव्हता. खिडक्यांना जाळ्या, मागच्या दाराला दुहेरी कडी. तरी मी म्हटलं, अण्णांनीच खिडकीतून काहीतरी फेकलं. जाळीतून! जाळीची भोकं मोहरीएवढी. माणसाला एकदा पटलं ना की ते मोहरीच्या भोकातूनही विष आत घेतं.

आणि आता ऐका मी काय करत होते ते. ताप आहे, तर तापाची गोळी. घरात पॅरासिटामॉल होतीच. पाव तुकडा केला, चमच्यानं कुटला, लोण्यात कालवला. एका हातात बाळ्या, दुसऱ्या हातात ते लोणी. तेवढ्यात भाच्याचा फोन आला, त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मामी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नकोस. आपल्या मिरजेत माणसाच्या डॉक्टरांना काय तोटा, पण मला मांजर बघणारी डॉक्टर सापडली ती सांगलीत. पोरसवदा मुलगी, शिरवळच्या कॉलेजात शिकलेली. फोनवर मी गोळीचं नाव घेतलं आणि ती अशी ओरडली की बाळ्यानंसुद्धा मान वर केली. "काकू, हात धुवा आधी! ती गोळी मांजराला विष आहे." आपल्या पोटात जी मुकाट पचते ती मांजराच्या यकृताला पचवताच येत नाही. रक्त तपकिरी पडतं, हिरड्या मातकट होतात, जीव गुदमरतो. एवढ्याशा पिल्लाला पाव तुकडासुद्धा पुरे.

म्हणजे बोळात मांजराला विष घालायला निघालेली बाई शेवटी एकच निघाली. तीही लोण्यात कालवून.

– अगं बाई!

अजून पुढं आहे.

दवाखान्यात नेला. टॉवेलात गुंडाळून, मांडीवर, रिक्षातून, भर पावसात. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं, कातडी चिमटीत धरून सोडली. निरोगी मांजराची कातडी लगेच बसते, याची तंबूसारखी उभीच राहिली. अंगातलं पाणी गेलं होतं सगळं. मग शीचा नमुना घेतला आणि एका छोट्या पट्टीवर तपासला. गरोदरपणाची पट्टी असते ना, तशीच. वर नाव कुत्र्याचं! मी म्हटलं, बाई, हे मांजर आहे. तर हसली. म्हणाली, कुत्र्यांना जो पार्व्हो होतो, त्याचा हा भाऊबंद. हा जुना आणि कुत्र्यांचा नवा. 1978 च्या सुमारास कुत्र्यांमध्ये तो एकाएकी उपटला आणि जगभर पसरला, तो या मांजरांच्या विषाणूच्याच घराण्यातला. त्यामुळं कुत्र्यासाठी केलेली पट्टी मांजराचाही ओळखते. दोन रेघा आल्या.

नाव मोठं आहे. पॅनल्यूकोपेनिया. मी कागदावर लिहून घेतलं आणि रिक्षात घोकलं. पॅन म्हणजे सगळं, ल्यूको म्हणजे पांढरं, पेनिया म्हणजे तुटवडा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा दुष्काळ. निरोगी मांजरात त्या पाच हजारांच्या वर हव्यात. बाळ्याच्या सातशे. हा विषाणू घुसतो कुठं, तर जिथं नव्या पेशी भराभर तयार होत असतात तिथं. आतड्याचं अस्तर सारखं नवं होत असतं, ते सोलून काढतो. हाडांच्या मगजात रक्त तयार होतं, तिथलं काम बंद पाडतो. म्हणजे आतड्याची भिंत पडलेली, पोटातले जंतू रक्तात शिरायला मोकळे, आणि त्यांना अडवायला शिपाई नाहीत. वाढत्या पिल्लांना जास्त होतो तो म्हणूनच.

आणि ते पाण्याचं कोडंही तिनंच सोडवलं. मी काळीच्या पिल्लांचं सांगितलं, वाडग्यावर हनुवटी टेकवून बसायची म्हणून. तर म्हणाली, पुस्तकात हे लक्षणच दिलंय. तहान लागलेली असते, पण इतकं मळमळतं की पाणी तोंडात घेववत नाही. मग पाण्याकडं बघत बसून राहतात. म्हणजे मी ज्याला पुरावा समजले ते दुखणंच होतं. पिवळा फेससुद्धा पित्त. रिकाम्या पोटातून दुसरं काय येणार?

– पण बाळ्याला कसं झालं? तो तर घरातच.

मीही तेच विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही, मलाच विचारलं, "काकू, बाहेरच्या मांजरांना तुम्ही खायला घालता का?" म्हटलं, घालते, रोज. "चप्पल कुठं काढता?" म्हटलं, मागच्या दारात, आतल्या बाजूला, पावसात भिजू नये म्हणून. "आणि हा कुठं झोपतो?"

वहिनी, तुम्ही बघितलंय त्याला. माझी ती निळी रबरी चप्पल म्हणजे त्याची उशी होती. तोंड अंगठ्यात घालून झोपायचा. मी बोळातून आले, चप्पल काढली, की हा हजर, वास घेत, चाटत. मला कोण कौतुक! फोटो काढून भाच्याला पाठवलेले.

आजारी मांजराच्या शीत, उलटीत, लाळेत तो असतो. त्यावर पाय पडला की चपलेला, पातळाच्या काठाला, हाताला, वाडग्याला. मांजराची मांजराशी गाठ पडायचीसुद्धा गरज नाही. आणि चिवट किती, तर घरात, सावलीत, वर्षभर टिकतो. वर्षभर! म्हणून तुमची टोपली मी ओट्यावर ठेवायला लावली.

– अहो, पण बाळाला? पुढच्या महिन्यात लेक येणार आहे बाळाला घेऊन!

नाही नाही, घाबरू नका. माणसाला हा होत नाही, लहान बाळालाही नाही. मांजरांना आणि मांजराच्या गोतावळ्याला, म्हणजे वाघ-सिंहसुद्धा आले त्यात. आपण फक्त हमाल.

तीन दिवस सांगलीच्या खेपा केल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. या विषाणूला मारणारं औषध म्हणून काही नाही. सलाइन लावायचं, ओकारीचं इंजेक्शन, रक्तात जंतू माजू नयेत म्हणून अँटिबायोटिक, आणि अंगाशी गरम पाण्याची पिशवी. पाच-सहा दिवस तग धरली तर पांढऱ्या पेशी परत यायला लागतात आणि मांजर वाचतं, म्हणाली. उपचार नाही केले तर दहातली नऊ जातात. केले तर बरीच वाचतात, पण शब्द देत नाही, हेही स्पष्ट म्हणाली. मला ते आवडलं तिचं. घरी मी सिरिंजनं चिकनचं पाणी पाजायची, थेंब थेंब. नुसतं उकडलेलं, कांदा-लसूण काही नाही, तेही मांजराला बाधतं.

तिसऱ्या रात्री ताप उतरला. दहा-साडेदहा झाले असतील. कानाला हात लावला तर गार. मी इतकी खूश झाले, वहिनी! देवापुढं साखर ठेवली, आणि एवढ्या रात्री डॉक्टरीणबाईंना फोन लावला, म्हटलं, बाई, उतरला हो ताप. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "काकू, पंजे कसे आहेत? गार आहेत?" होते गार. "गुंडाळून जवळ घेऊन बसा." मला तेव्हाही कळलं नाही. मी म्हटलं, जपायला सांगतेय. या दुखण्यात ताप असा घसरला तर ते उतरणं नसतं.

मी त्याला आईच्या गोधडीत घेऊन बसले. पहाटे दूधवाल्याची घंटा वाजली तेव्हा मी उठले नाही. एवढंच.

असू द्या. डोळे पुसा. मीही सगळं बोळभर सांगत हिंडले, पण हे आज पहिल्यांदा सांगतेय.

आता तुम्ही म्हणाल, मग ही मनी कशी राहिली? त्याच घरात, त्याच वाटीत जेवणारी, दिवसभर त्याला चाटणारी. नऊ वर्षांची झाली, साधी शिंकली नाही. कारण हिच्या लशी पुऱ्या झाल्यात. माझे यजमान होते तेव्हा त्यांनी डायरीत तारखा लिहून केल्या होत्या. आणि बाळ्याचा एकच डोस झालेला. जूनमध्ये, दोन महिन्यांचा होता तेव्हा. दुसरा जुलैत होता. जुलैत पाऊस, रिक्षाला जायचे-यायचे पैसे, आणि मनात काय, तर हा कुठं घराबाहेर पडतो!

एक डोस झाला म्हणजे निम्मं संरक्षण, असा माझा हिशेब. तसं नसतंच. पिल्लाला आईच्या चिकातून ताकद मिळालेली असते. सुरुवातीचे काही आठवडे ती त्याला राखते. पण तीच लशीलाही आत येऊ देत नाही. जुना राखणदार नव्याला फाटकातच अडवतो म्हणा. हा जुना कधी निवृत्त होईल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी टोचत राहायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवडे उलटल्यावर द्यायचा. मग वर्षानं एक, पुढं तीन-तीन वर्षांनी. मला हे कुणी जूनमध्ये सांगितलं नसेल असं नाही. सांगितलं असेल. मी कार्ड घेतलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवलं.

– कार्ड? याचं आहे हो माझ्याजवळ. जावयांनी दिलंय. थांबा... हे बघा, एक स्टिकर लावलंय.

लांबूनच दाखवा. एकच ना? किती आठवड्यांचं म्हणालात? दहा. म्हणजे बाराव्याला दुसरा, सोळाव्याच्या पुढं तिसरा. रेबीजचा तीन महिन्यांनी, तो वेगळा. कॅलेंडरवर आत्ता लिहा, अंगारकी लिहिता तिथं लाल पेननं. तोवर याला जमिनीवर सोडायचं नाही, बोळात तर नाहीच. तुमच्याही चपला बाहेर. माझ्याकडून गेलात की पाय धुवायचे, हात साबणानं. आणि करोनातली सॅनिटायझरची बाटली उरलीय ना तुमच्याकडं, तिच्यावर विसंबू नका. त्यानं याचा केसही वाकडा होत नाही. फिनेलचंही तेच. मी चार दिवस फिनेल ओतत होते. विषाणू मजेत, आणि मनीच्या पायाला लागलं असतं तर तिला बाधा.

चालतं ते ब्लीच. बत्तीस भाग पाण्याला एक भाग. आधी फरशी साबणानं घासून घाण काढायची, कारण घाणीवर ब्लीच फुकट जातं, मग हे पाणी ओतून दहा मिनिटं राहू द्यायचं. संडासाच्या ॲसिडमध्ये मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

आता अण्णा येतात परत गोष्टीत. मी मागच्या अंगणात वाटीनं ब्लीच मोजत होते. किती दिवसांची बाटली कुणास ठाऊक, गच्चीच्या जिन्यात उन्हात पडलेली. अण्णा फाटकापाशी उभे. त्या पाटीनंतर आमचं बोलणं बंद होतं. बाळ्याचं त्यांच्या कानावर गेलेलं असणार. पुण्यात त्यांची नोकरी पाणी शुद्ध करायच्या कामातली, जन्म क्लोरीनमध्ये गेलेला. तिथूनच ओरडले, "तारीख बघा बाटलीवरची!" बस, तीनच शब्द. आणि आत निघून गेले. अर्ध्या तासानं पायरीवर नवी बाटली, सोबत औषधाचं मापाचं झाकण, आणि चिठ्ठी: 'उन्हातले ब्लीच म्हणजे नुसते पाणी.' दुसऱ्या दिवशी फाटकावर दुसरी पाटी, सगळ्या बोळासाठी. 'ब्लीच अंधारात ठेवावे.'

मी काय केलं? माफी मागायला तोंड नव्हतं. एकवीस मोदक केले, डब्यात घालून त्यांच्या पायरीवर ठेवून आले. डबा दोन दिवसांनी परत आला. धुऊन, पुसून, ब्लीचचा भपकारा मारत. मोदक खाल्ले की नाही देव जाणे.

– अण्णा म्हणजे अण्णाच.

आणि वहिनी, अजून एक हिशेब आहे, तो आपल्या दोघींच्या नावावर. मारुतीच्या देवळापुढची डुलकी आठवते ना? चालताना झिंगल्यासारखी, पाय उंच उचलून टाकणारी, वाटीत तोंड घालायला गेली की डोकं थडथड हलणारी? काय म्हणायचो आपण? अण्णांनी काठी घातली म्हणून अशी झाली. याच कुंपणापाशी उभं राहून म्हटलंय. तिचा व्हिडिओ मी डॉक्टरीणबाईंना दाखवला. गाभण मांजरीला हा आजार झाला तर पोटातल्या पिल्लांचा लहान मेंदू नीट वाढत नाही. तोल सांभाळायचं काम त्याचं. तशी पिल्लं जन्मापासूनच डुलत चालतात. दुखत काही नाही, वाढत नाही, आणि एरवी चांगली जगतात. बहुधा तसंच असावं म्हणाली. म्हणजे दुखणं आपल्या बोळात दीड-दोन वर्षांपूर्वीच येऊन गेलेलं असणार, आणि आपण काठी शोधत बसलो.

काळीचं उरलेलं एक पिल्लू वाचलं, होय. ते आता टाकीवर असतं. त्याला सध्या लांबून वाटी सरकवते मी, वेगळी चप्पल घालून. ती चप्पल फाटकाबाहेर, त्या विटेखाली. बरं झाल्यावरही सहा आठवड्यांपर्यंत शीतून तो बाहेर पडत राहतो, म्हणून.

निळी चप्पल टाकली. वाट्या, त्याची चटई, खेळायचा लोकरीचा गुंडा, सगळं टाकलं. ब्लीचमध्ये जे बुडवता येत नाही ते ठेवायचं नाही. गोधडीपाशी अडले. आईच्या दोन इरकली नऊवाऱ्या होत्या त्यात, एक तिच्या लग्नातली. ब्लीचमध्ये घातली तर काठ जळणार, नाही घातली तर ठेवता येत नाही. तिला उन्हात टाकली, उचलली, परत टाकली. दोन दिवस तेच. कामवाली म्हणाली, मला द्या, पण तिच्या घरी दोन मांजरं. शेवटी काळ्या पिशवीत घालून घंटागाडीत. त्याआधी कात्री घेऊन काठाचा वीतभर तुकडा कापला, दोन पिशव्यांत बांधला, बरणीत घातला, झाकणाला मेण लावलं आणि वर चिकटपट्टी: 'पुढच्या दिवाळीनंतर उघडणे.' माळ्यावर आहे. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर हसली, पण उघडू नका म्हणाली.

तर हे असं. म्हणून तुमचं पिल्लू माझ्याकडं नको. पुढच्या गणपतीनंतर, डोस पुरे झाले की मी स्वतः न्यायला येईन. काय रंग आहे हो? पिवळा? पिवळ्यात पांढरे पट्टे की नुसताच? शेपटीला टोकाला...

बघू? नको, राहू दे. नाव ठेवलंत का?

– नाही, म्हटलं ताईच ठेवतील.

माझ्या डोक्यात काहीच येत नाही सध्या. थांबा जरा, ओढणी कशाला सोडताय? डोकं बाहेर काढलं वाटतं त्यानं. अगं बाई, कान बघा केवढे! मने, तू कुठं निघालीस? मने! उतर खाली. इकडं. वहिनी, मनीला बघा, तिनं शेपटी आडवी केली. ही उडी मारणार. पंजे मातीचे आहेत तिचे! मने! अहो, ओट्यावरनं टोपली... गेली! पलीकडं गेली! वहिनी, दार! कोण ओरडलं? अण्णा? काय म्हणतायत, टोपली आत घ्या? अहो मग घ्या की आत!